जुनी पांढर जेसीबीने उघडी पडली: तिथली वस्ती का उठली असावी?

गिरणाकाठ (चाळीसगाव तालुका) यांचा प्रश्न

मंडळींना रामराम.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, गिरणेच्या दरडीला लागून, दोनेक एकरांचा एक उंचवटा आहे. गावात त्याला 'जुनी पांढर' म्हणतात. गावात धाब्याची (सपाट मातीच्या छताची) घरे होती तोवर दर दोन-तीन वर्षांनी, मृग लागण्याच्या आधी, तिथली माती बैलगाडीने आणून धाब्यावर पसरायची आणि चोपण्याने चोपून बसवायची, हे काम मी स्वतः वडिलांबरोबर केले आहे. त्या मातीत खापऱ्या, कोळसा आणि जनावरांची हाडे निघत. ती आम्ही वेचून बाजूला फेकत असू आणि त्यापलीकडे त्यांचा विचार कधी करीत नसू.

गेल्या महिन्यात रस्त्याच्या भरावासाठी कोणीतरी जेसीबी लावून उंचवट्याची एक बाजू खरवडून नेली आणि पुरुषभर उंचीची सरळ भिंत उघडी पडली. तिच्यात थर स्पष्ट दिसतात. सर्वांत खाली पिवळसर चिकण गाळ आहे आणि त्यात एकही खापरी नाही. त्यावर राखेचे, भाजलेल्या मातीचे आणि करड्या मातीचे थर एकावर एक चढलेले आहेत, आणि त्यांत लाल रंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेली खापरे आहेत. सर्वांत वर वीतभर जाडीचा असा थर आहे की ज्यात पुन्हा काहीच नाही.

माझा प्रश्न असा की, इथली माणसे निघून का गेली असतील? दुष्काळाने, नदीच्या पुराने, की जमीन त्यांनी स्वतःच नासवली म्हणून? नदी तीच, जमीन तीच, फक्त वस्ती बदलत गेली, असे मी आजवर धरून चाललो होतो. ती भिंत पाहिल्यापासून तसे म्हणवत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खापरवेचा (धुळे) यांचे उत्तर

भाऊ, विद्यार्थी असताना दोन हंगाम उत्खननावर खापऱ्या धुण्याचे काम केले, एवढ्याच भांडवलावर लिहितो आहे. चुकल्यास दुरुस्त करावे.

आधी त्या नावाकडेच पाहा. आपल्या जुन्या व्यवहारात गावाचे दोन भाग धरले जात: शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. हा भेद निव्वळ रंगाचा नाही. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून तिच्यावर घराचा पाया टिकत नाही आणि धाब्यावर टाकली तर पहिल्याच उन्हाळ्यात धाबे फाटते. पांढरी माती तशी फाटत नाही, कारण ती मुळात निसर्गाने घातलेली मातीच नव्हे. चुलीतली राख, शेण, पडलेल्या भिंतींचा चिखल, गोठ्यातला कचरा आणि जुन्या धाब्यांचीच माती शेकडो वर्षे एकाच जागी साठत गेली की पांढर तयार होते. म्हणून तिच्यात चुना आणि स्फुरद आजूबाजूच्या रानापेक्षा कितीतरी जास्त सापडतात, आणि पुरातत्त्वाचे लोक मातीतले स्फुरद तपासून जुन्या वस्तीची व्याप्ती ठरवतात. तुम्ही आणि तुमच्या वडिलांनी धाब्यावर चोपली ती माती जुन्या माणसांनी, नकळत का होईना, घडवलेली होती. जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी मानवयुग नावाचा वेगळा कालखंड मानावा की नाही यावर पंधरा वर्षे वाद घातला आणि मार्च २०२४ मध्ये तो प्रस्ताव मतदानात फेटाळला गेला. आपल्या शेतकऱ्यांनी मात्र माणसाने केलेल्या थराला केव्हाच वेगळे नाव देऊन ठेवले आहे.

आता काळाचे. लाल भांड्यावर काळी नक्षी हे ताम्रपाषाण काळातील (माणसे तांब्याची आणि दगडाची हत्यारे वापरत त्या काळातील) माळवा आणि जोर्वे संस्कृतींचे ओळखीचे लक्षण आहे. तुमच्याच तालुक्यात, गिरणेकाठच्या बहाळ येथे, १९५२-५३ मध्ये उत्खनन झाले आणि त्यात या काळापासून पुढे लोखंडाच्या काळापर्यंतचे थर मिळाले. तापी आणि गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ मध्ये असाच क्रम हाती आला. साक्री तालुक्यातील कावठे येथे त्याहून आधीची, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, सावळदा संस्कृतीची वस्ती मिळाली. तिथली माणसे जमिनीत उथळ खड्डे घेऊन त्यांवर छप्पर घालून राहत. या संस्कृतीला नाव मिळाले तेही तापीकाठच्या सावळदे गावावरूनच. तुमची खापरे यांतल्या कोणत्या काळची, हे पाहिल्याशिवाय सांगणे बरे नव्हे.

वस्ती का उठली याचे एक उत्तर बराच काळ पुढे होते, ते हवामानाचे. पुणे जिल्ह्यात घोड नदीवरील इनामगाव येथे १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन झाले, आणि तिथे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास राहणीत उतार दिसतो: मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती आटते, शेळ्यामेंढ्यांवरचा आणि शिकारीवरचा भर वाढतो. तापी आणि गोदावरीच्या खोऱ्यांतील जोर्वे वस्त्या याच सुमारास ओस पडल्या. भीमेच्या खोऱ्यात त्या आणखी दोन-तीनशे वर्षे तग धरून राहिल्या. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी याचा संबंध पावसाच्या ओढीशी लावला आणि त्यासाठी नाईल नदीच्या पुरांचाही आधार घेतला, कारण नाईलला पाणी देणारा इथिओपियाचा पाऊस आणि आपला पाऊस बरेचदा एकाच वेळी दगा देतात.

मला हे उत्तर खोटे वाटत नाही, अपुरे वाटते. पाऊस कमी झाला म्हणजे माणसे आपोआप उठतात असे नाही. ती गुरे बदलतात, पीक बदलतात, हंगामापुरती हिंडू लागतात. इनामगावच्या माणसांनी आधी हेच केले. शिवाय पाण्याची ओढ बसली तेव्हा नदीकाठच्या हलक्या जमिनीवर किती पिढ्यांची शेती झाली होती, जळणासाठी आणि भांडी भाजण्यासाठी आसपासचे किती रान तुटले होते, हा हिशेबही त्यात धरावा लागतो. खोल काळी जमीन मोठ्या प्रमाणावर नांगराखाली आली ती लोखंड आल्यावर, असे मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत, आणि बहाळ व प्रकाशे या दोन्ही ठिकाणी ताम्रपाषाण थरांच्या वर लोखंड सापडते. हे खरे असेल तर आज आपण ज्याला खान्देशचे काळेभोर रान म्हणतो त्याचा मोठा भाग त्या पहिल्या शेतकऱ्यांनी कधी पेरलाच नसेल. तुम्ही म्हणता ती 'तीच जमीन' त्यांच्या लेखी पडीक गवताळ होती.

आणि त्याच्याही मागे जायचे तर तुमच्याच तालुक्यातले पाटणे घ्या. पाटणादेवीच्या डोंगराच्या पायथ्याशी सत्तरच्या दशकात एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला एक तुकडा मिळाला. त्याचा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षे मागे जातो. शहामृग दाट झाडीत राहत नाही, त्याला मोकळे माळ लागतात. ज्या पाटण्याला आपण पावसाळ्यात धबधबे पाहायला जातो, तिथल्या पायथ्याशी तेव्हा कोरडी गवताळ राने होती आणि त्यांत शहामृग हिंडत होते. मला तर हे वाचल्यापासून चाळीसगावच्या बसस्थानकावर उभे राहिले तरी त्याचीच आठवण होते.

भिंतीतल्या वरच्या रिकाम्या थराबद्दल मात्र घाई करू नका. तो पुराचा असेल तर त्यात बारीक वाळू आणि गाळ यांचे पातळ पापुद्रे एकाआड एक दिसतील. ते नसतील, तर वस्ती उठल्यावर वाऱ्याने आणि पावसाने पसरलेली ती साधी माती असेल. रिकामा थर म्हणजे पूर, ही चूक मी स्वतः पहिल्या हंगामात केली होती आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली होती.

पाटकऱ्याचा नातू (साक्री) यांचे उत्तर

खापरवेचा सरांनी जुन्या काळाचे लिहिले. मी जवळचे लिहितो. 'नदी तीच' हे वाक्य पांझरेच्या काठी राहणारा माणूस तरी म्हणू शकणार नाही, कारण आमची नदी तीन-चारशे वर्षांपूर्वी माणसांनी पायऱ्यापायऱ्यांची करून टाकली.

पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर एकाखाली एक दगडी बंधारे आहेत. प्रत्येक बंधाऱ्यावरून एक पाट निघतो, पाटातून चाऱ्या निघतात, आणि पाटाखालची सगळी जमीन तीन किंवा चार फडांत विभागलेली असते. एका फडात एका वर्षी एकच पीक: यंदा ऊस असेल तर पुढे ज्वारी, गहू असे फिरत जायचे. शेतकऱ्याने आपल्या मर्जीने मध्येच दुसरे काही लावायचे नाही, कारण उसाला सोडलेले पाणी शेजारच्या ज्वारीत शिरले तर ती पिवळी पडते. यातली खरी खुबी अशी की बहुतेक शेतकऱ्यांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असायची. पाणी कमी पडले की एखादा फड कोरडा सोडायचा, म्हणजे तोटा एकट्यादुकट्यावर न पडता सगळ्यांवर सारखा पडायचा. वरच्या बंधाऱ्याचे झिरपलेले आणि सांडलेले पाणी नदीत उतरून खालच्या बंधाऱ्याला मिळत असे.

माझे आजोबा पाटकरी होते. रात्री कंदील घेऊन ते चारीच्या तोंडाशी बसत आणि पाणी शेताच्या शेवटच्या वाफ्यात पोचले की नाही ते अंधारात पायाने पाहत: पायाखालची माती गार आणि जड लागली की पोचले, भुसभुशीत लागली की अजून अवकाश आहे. पाटकऱ्याला, जागल्याला (गावच्या राखणदाराला) आणि देखरेख करणाऱ्या हवालदाराला खळ्यावर धान्य मिळे. पावसाळा सरला की पाटातला गाळ काढायला ज्याची जेवढी जमीन तेवढी माणसे द्यावी लागत, आणि जो देत नसे त्याचे पाणी बंद होई.

म्हणजे माणसांनी नदी घडवली हे जितके खरे, तितकेच नदीने गावाची रीत घडवली हेही खरे. आमच्या गावची भांडणे, सोयरिकी, कोणाची जमीन कोणाशेजारी, यांतले निम्मे त्या पाटाने ठरवलेले आहे.

ही व्यवस्था पावसाने मोडली नाही. १८७२ चा महापूर आला, छप्पन्याचा (१८९९-१९०० चा) दुष्काळ आला, १९७२ आले. बंधारे डागडुजी करून पुन्हा चालू झाले. ती मोडली विजेच्या मोटारीने आणि वरच्या धरणांनी. लाटीपाडा आणि मालनगाव झाल्यावर नदीचा बारमाही झरा धरणाच्या वेळापत्रकावर गेला, आणि प्रत्येकाच्या विहिरीवर मोटार बसल्यावर फडाची शिस्त पाळण्याचे कारण उरले नाही. काही गावांत फड अजून चालू आहेत. आमच्या गावात चारांपैकी एकच उरला आहे. धरणे वाईट असे मी म्हणत नाही. धुळे शहराला पाणी लागते हे मलाही कळते. पण तीनशे वर्षांनी कोणी आमच्या पाटाची दरड खणली आणि त्यातला गाळ एका ठिकाणी एकाएकी थांबलेला पाहिला, तर तो नक्की लिहील की इथे दुष्काळ पडला आणि माणसे गेली. माणसे इथेच आहेत हो. ती फक्त पाटावरून बोअरवर गेली आहेत.

केळीबाग (रावेर) यांचे उत्तर

दादांनी बोअरचा विषय काढला म्हणून लिहितो. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला गोट्या-वाळूचा एक जाड पट्टा आहे. डोंगरातून येणारे नाले त्यात शिरतात आणि तिथेच जिरतात. त्याच्याखाली तापीच्या गाळाचे थर शेकडो फूट खोल आहेत. आमच्याकडची केळी उभी आहे ती याच साठ्यावर.

हा साठा ओळखणारे आम्ही पहिले नव्हेत. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात गेले असले तरी ती जुन्या खान्देशची राजधानी, आणि तिथे १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना, सातपुड्याकडून झिरपणारे हेच पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणले गेले. वर ठिकठिकाणी शंभरावर कुंड्या आहेत, म्हणून त्याला कुंडी भंडारा म्हणतात. इराणी पद्धतीचे हे काम आहे, आणि त्यात मोटार नाही, मोट नाही. पाणी स्वतःच्या उताराने वाहते. जेवढे झिरपेल तेवढेच मिळणार, त्याहून एक घागर जास्त ओढता येत नाही.

आमच्या मळ्यात माझ्या आजोबांची मोटेची विहीर आहे. साठ फूट. बैलांची धाव आणि मोटेचे पाणी पडायचे थारोळे अजून शाबूत आहेत, मुले तिथे क्रिकेटसाठी स्टंप ठोकतात. त्या विहिरीला मी शाळेत असताना शेवटचे पाणी पाहिले. आता आमचा बोअर चारशे फुटांच्या पुढे आहे. मोटेने दिवसभरात जेवढे पाणी निघे तेवढे मोटार चहा पिऊन होईपर्यंत काढते, त्यामुळे पाऊस किती पडला याचा आणि विहिरीत किती उरले याचा एकमेकांशी संबंध सुटला. हवामान बदलले हे खरे असेलही. पण आमच्या भागात पाणी खोल गेले ते प्रथम आमच्या हाताने, आणि ते कबूल करायला केळीवाल्यांच्या बैठकीत कोणी तयार नसते.

डोंगरशाळा (अक्राणी) यांचे उत्तर

मी सातपुड्यातील शाळेत शिकवते. चर्चेत एक बाजू राहून गेली आहे, ती जंगलाची, आणि तिच्यामुळे भाऊंच्या मूळ प्रश्नावर थोडा वेगळा प्रकाश पडेल असे वाटते.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्यांनी जे वर्णन लिहून ठेवले त्यात दाट झाडी, वाघांचा सुळसुळाट आणि ओसाड मुलूख आहे. ते वाचून खान्देश म्हणजे मुळातलेच जंगल होते असा समज होतो. पण त्याच लिखाणात झाडीत बुडालेली गावठाणे आणि पडके बंधारेही आहेत. १८०२-०३ मध्ये होळकरांच्या फौजांनी हा मुलूख लुटला, लगोलग १८०४ चा दुष्काळ पडला, त्यानंतर पेंढाऱ्यांची आणि अरब शिबंदीची (भाडोत्री शिपायांची) लुटालूट वर्षानुवर्षे चालली. शेतकरी पळाले, शेतात आधी गवत, मग बाभूळ-बोर, मग पळस अशी झाडी चढली, आणि तिच्यामागे वाघ आले. इंग्रजांनी पाहिलेले ते जंगल फार तर पंधरा-वीस वर्षांचे होते आणि ते लढायांनी लावलेले होते.

याची किंमत भिल्लांनी दोनदा मोजली. मैदानातल्या कित्येक गावांत ते जागले होते, त्यांचे हक्क गावाच्या पिकावर होते. गाव उठल्यावर हक्कही गेले आणि डोंगराचा आसरा घेणे भाग पडले. पुढे त्याच डोंगरात असल्याबद्दल ते मुळातच 'रानटी' ठरले. १८२५ मध्ये आऊट्राम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, काहींना तगाई (शेतीसाठी सरकारी कर्ज) देऊन शेतीवर बसवले, वाघांची शिकार जोरात झाली आणि सवलतीच्या साऱ्यावर झाडी तोडून रान पुन्हा नांगराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, त्याच सुमारास आगगाडी भुसावळपर्यंत आली, आणि जळगाव हे कापसाचे मोठे पेठेचे गाव झाले. मैदानातले गायरान आणि कुरण कापसाखाली गेले. मग लाकूड उरले ते सातपुड्यात, आणि १८७८ च्या वन कायद्याने ते राखीव झाले. आमच्या पोरांच्या पणजोबांनी कालपर्यंत ज्या उतारावर पेरले तिथे पेरणे हा गुन्हा झाला. २००६ चा वनहक्क कायदा येईपर्यंत तो गुन्हाच राहिला, आणि दाव्यांच्या फायली अजून फिरत आहेत.

म्हणून माझे म्हणणे असे की, वस्ती उठण्याचे कारण शोधताना फक्त पाऊस आणि जमीन पाहून भागत नाही. त्या पांढरीवरून माणसे गेली तेव्हा त्यांना कोणी हाकलले का, हा प्रश्नही विचारावा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या भांडणाची खापरी सापडत नाही, एवढ्यावरून भांडण झालेच नाही असे होत नाही.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचा मुद्दा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. मी काल पुन्हा जाऊन वरचा थर पाहिला. सर म्हणतात तसे वाळूचे पापुद्रे त्यात नाहीत. माती एकसारखी आहे, मुळ्यांनी भरलेली. मात्र खालच्या बाजूला, खापऱ्यांच्या थरांच्या मधोमध, सुमारे चार बोटांचा एक वाळूचा पट्टा आहे आणि त्याच्यावर पुन्हा राख व खापऱ्या सुरू होतात. म्हणजे पूर येऊन गेल्यावरही माणसे परत तिथेच येऊन राहिली, असे समजावे काय?

दुसरे असे की, जेसीबी पुन्हा येणार असल्याचे ऐकतो. काय करावे?

खापरवेचा

वाळूचा पट्टा भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असेल तर पुराची शक्यता चांगली आहे. मध्येच तुटत असेल तर तो कोणाच्या अंगणात आणून टाकलेला वाळूचा ढीगही असू शकतो. वरच्या आणि खालच्या खापऱ्यांची नक्षी एकसारखी आहे का ते पाहा. एकसारखी असेल तर तीच माणसे, किंवा त्यांची मुले, गाळ बाजूला सारून पुन्हा घर बांधायला लागली असे म्हणता येईल, आणि मग तुमचा प्रश्न 'का गेली' याऐवजी 'एवढे होऊनही का राहिली' असा होईल.

जेसीबीचे म्हणाल तर आजच ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना लेखी अर्ज द्या, प्रत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला पाठवा, आणि अर्जासोबत भिंतीचा फोटो जोडा. फोटोत मोजपट्टी उभी धरा. नसेल तर खुणा केलेली काठी चालेल. खापऱ्या भिंतीतून उपटू नका. खाली पडलेल्या उचलायच्या असतील तर कोणत्या थराखालून उचलल्या ते पिशवीवर लिहा आणि वेगवेगळ्या थरांच्या एकाच पिशवीत भरू नका. मी रविवारी सकाळच्या गाडीने येतो. धाब्याचे एखादे घर गावात अजून उभे असेल तर तेही दाखवा; त्याच्या छतातली माती मला पाहायची आहे.